चतुःसीमा

स्मरणिका समितीने आमच्याकडे 'वसतिगृहाचे दिवस' या विषयावर लेख मागितला होता. आम्ही जो लेख हाती देत आहोत तो पाहून समितीचे सदस्य बुचकळ्यात पडतील, याची आम्हांस कल्पना आहे. लेख प्रथिनांविषयी आहे. डाळीतले आणि अंड्यातले जे प्रथिन आपण मुलांना आहाराच्या तक्त्यात शिकवतो तेच; पण त्याचा आकार कसा असतो, आणि तो कोणत्याही भिंगातून न पाहता कसा शोधून काढतात, याविषयी. आम्ही इतिहासाचे शिक्षक. विज्ञानाशी आमचा संबंध दहावीनंतर तुटला तो तुटलाच. तरीही हा विषय आमच्यापर्यंत आला, आणि आला तो वसतिगृहाच्याच दारातून. म्हणून दिलेला विषय आम्ही अगदीच सोडला असे कोणी समजू नये.

दरवर्षी ६ डिसेंबरला आम्ही चैत्यभूमीला जातो. काही वर्षांपूर्वी दादरहून आमच्या एका माजी विद्यार्थिनीला फोन केला. आपल्या मुलींच्या वसतिगृहात ती पाचवीपासून दहावीपर्यंत होती. पुढे रसायनशास्त्रात एम.एस्सी. करून ती संशोधनाकडे वळली आणि त्या काळात कुलाब्याच्या टोकाला, समुद्राला लागून असलेल्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत काम करीत होती. "सर, उद्या इकडे या. आमचं यंत्र दाखवते," ती म्हणाली. आम्ही गेलो.

दाराशीच तिने आमचे घड्याळ, मोबाइल आणि बँकेचे कार्ड काढून ठेवायला लावले. हृदयात पेसमेकर नाही ना, हेही विचारले. आत गेल्यावर आमची थोडी निराशा झाली. पायांवर उभी असलेली, माणसाहून उंच, चकचकीत पोलादी टाकी. दूध साठवण्याच्या टाकीसारखी. ना चाक फिरत होते, ना काही उघडझाप. पण त्या टाकीच्या पोटात तारेचे एक वेटोळे द्रवरूप हेलियममध्ये बुडालेले असते, उणे २६९ अंश सेल्सिअसला. आणि हेलियमभोवती उणे १९६ अंशांच्या द्रवरूप नायट्रोजनचे आवरण. इतक्या थंडीत त्या तारेचा विद्युतरोध नाहीसा होतो, आणि एकदा सोडलेला प्रवाह पुढे वर्षानुवर्षे आपोआप फिरत राहतो. त्यातून जे चुंबकीय क्षेत्र निर्माण होते ते १८.८ टेस्लाचे. होकायंत्राची सुई वळवणाऱ्या पृथ्वीच्या क्षेत्राशी तुलना केली तर चार लाख पटींहून अधिक. आणि एवढ्या खटाटोपाच्या मध्यभागी काय ठेवायचे, तर पेन्सिलीहून बारीक, ५ मिलिमीटर जाडीची काचेची नळी आणि तिच्यात अर्धा मिलिलिटर पाणी. त्या पाण्यात प्रथिन विरघळलेले.

या पद्धतीचे नाव अणुकेंद्रीय चुंबकीय अनुस्पंदन. सर्वत्र एनएमआर म्हणतात, आपणही तसेच म्हणू. इस्पितळात ज्या एमआरआयच्या बोगद्यात रुग्णाला सरकवतात तो याच घराण्यातला. तेथे रुग्ण घाबरू नयेत म्हणून नावातला 'न्यूक्लिअर' गाळला गेला, असे सांगतात.

तत्त्व तिने आम्हांला असे समजावले. हायड्रोजनच्या अणूचे केंद्रक हे एक इवलेसे चुंबक असते. मोठ्या चुंबकाच्या सान्निध्यात ते एका ठराविक लयीत डोलते. आमच्यासमोरच्या यंत्रात ही लय सेकंदाला सुमारे ८० कोटी आवर्तनांची. त्याच लयीची रेडिओ लहर क्षणभर, म्हणजे सेकंदाच्या लाखाव्या भागाएवढा वेळ सोडली की केंद्रक जागे होते, आणि लहर थांबल्यावर स्वतःच मंद आवाजात उत्तर देत राहते. यंत्र ते उत्तर ऐकते. "सगळे हायड्रोजन एकाच आईची लेकरं, सर," ती म्हणाली. "पण कोण कुठं बसला आहे, त्याच्याभोवती काय आहे, त्यावरून प्रत्येकाच्या आवाजात दशलक्षांत काही भागांचा फरक पडतो. तो फरक आम्ही वाचतो."

इतिहासाच्या माणसाला पहिला प्रश्न पडतो तो सुरुवातीचा. ती तिने सांगितली आणि उरलेले आम्ही नंतर वाचून काढले. १९४६ मध्ये अमेरिकेत फेलिक्स ब्लॉख आणि एडवर्ड पर्सेल या दोघांनी, एकमेकांपासून स्वतंत्रपणे, एकाने पाण्यात आणि दुसऱ्याने मेणात, हे अनुस्पंदन टिपले. १९५२ चे नोबेल दोघांना विभागून मिळाले. त्यांना हवे होते अणुकेंद्रकाचे गुणधर्म. आजूबाजूच्या रेणूमुळे वाचनात फरक पडतो ही त्यांच्या दृष्टीने अडचण होती. १९५१ मध्ये ब्लॉख यांच्याच स्टॅनफर्डमधल्या तिघांनी साध्या मद्यार्काचा वर्णपट छापला. त्यात तीन वेगळी शिखरे आली, एकास दोनास तीन अशा प्रमाणात. मद्यार्काच्या रेणूत हायड्रोजन ज्या तीन जागी बसलेले असतात त्या तीन जागा. अडचण हीच माहिती ठरली. त्या तिघांतले एक होते एस. एस. धर्मट्टी. हे गृहस्थ पुढे मायदेशी परतले आणि आम्ही ज्या संस्थेत उभे होतो तेथेच त्यांनी एनएमआरच्या कामाचा पाया घातला. आमच्या कोणत्याही पाठ्यपुस्तकात हे नाव आम्हांला कधी भेटले नव्हते.

मद्यार्कात हायड्रोजन सहा. शंभर अमिनो आम्लांच्या लहानशा प्रथिनात सात-आठशे. १९५७ मध्ये एका प्रथिनाचा वर्णपट पहिल्यांदा घेतला गेला तेव्हा काही रुंद उंचवट्यांपलीकडे त्यात काही दिसेना. ज्यांनी आपल्या भोजनगृहात संध्याकाळी हजेरी घेतली आहे त्यांना हे वेगळे सांगायला नको. सगळे एकदम ओरडतात, आणि गैरहजर कोण तेवढे कळत नाही.

या गोंगाटातून वाट काढणारी कल्पना १९७१ मध्ये पुढे आली, आणि तीही विचित्र रीतीने. बेल्जियमचे जाँ जीनर यांनी तेव्हाच्या युगोस्लाव्हियात भरलेल्या एका उन्हाळी शिबिरात ती बोलून दाखवली: एकाऐवजी दोन लहरी द्या, त्यांच्यातले अंतर थोडेथोडे बदलत जा, आणि उत्तरे एका रेषेवर मांडण्याऐवजी कागदाच्या लांबी-रुंदीत मांडा. ती कल्पना कित्येक वर्षे छापली गेली नाही. ऐकणाऱ्यांच्या टिपणांतून फिरत राहिली. मौखिक परंपरेला पुरावा न मानणाऱ्या विद्वानांनी याची नोंद घ्यावी! झुरिकमध्ये रिचर्ड अर्न्स्ट यांनी ती उचलली आणि १९७६ पर्यंत सिद्ध करून दाखवली. त्याच झुरिकमध्ये कुर्ट व्युथरिक प्रथिनांच्या मागे लागले होते. या व्युथरिकांनी तरुणपणी रसायनशास्त्राबरोबर शारीरिक शिक्षणाचीही पदवी घेतली होती, हे वाचून आम्हांला आपल्या क्रीडाशिक्षकांची आठवण झाली. अर्न्स्ट आणि व्युथरिक यांच्यासह १९८० च्या ज्या लेखाने प्रथिनाच्या रचनेचे दार उघडले त्यावर पहिले नाव आहे अनिल कुमार यांचे. बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेतले हे शास्त्रज्ञ तेव्हा झुरिकमध्ये होते.

तर त्या लेखात काय होते? येथे आम्हांला आमच्या गावाची गोष्ट सांगणे भाग आहे, कारण त्या दिवशी कुलाब्याला आम्हांला जे काही समजले ते गावामुळेच समजले.

आमचे जुने गाव धरणात गेले. एम.ए.च्या लघुप्रबंधासाठी आम्ही त्या बुडालेल्या गावाचा नकाशा काढायचे ठरवले. गावठाणाचा तपशीलवार नकाशा उपलब्ध नव्हता. होती ती खरेदीखते आणि गहाणखते. ज्यांनी अशी खते वाचली आहेत त्यांना त्यांतली चतुःसीमा ठाऊक असते: पूर्वेस अमक्याचे घर, पश्चिमेस बोळ, दक्षिणेस तमक्याचा गोठा, उत्तरेस सरकारी रस्ता. घर कोठे आहे हे खत सांगत नाही. घराला लागून कोण आहे तेवढेच सांगते. अशी साठ-सत्तर खते जमवली आणि एकाची पूर्व दुसऱ्याच्या पश्चिमेशी जुळवत बसलो. कागदाचे चौकोन कापून फरशीवर मांडायचे, सरकवायचे, पुन्हा मांडायचे. एक विसंगत खत आले की अख्खी आळी मोडायची. तीन महिन्यांनी गाव उभे राहिले. एकही मोजमाप न घेता, केवळ शेजारावरून.

अडचण आली ती आमच्याच वस्तीपाशी. आमच्या घरांची खते नव्हती. ज्यांची घरे कधी विकली-घेतली गेली नाहीत, नोंदली गेली नाहीत, त्यांना चतुःसीमा कोठून असणार? आम्ही दुसऱ्यांच्या खतांत तेवढे सापडत होतो: 'दक्षिणेस महारपुरा.' आमच्या नकाशाच्या दक्षिणेला एक कोरी जागा राहिली. मार्गदर्शक म्हणाले, तेथे रेघोट्या मारून 'वस्ती' असे लिहा. आम्ही मोठ्या मायकडे गेलो. ती तेव्हा सत्तरीच्या पुढे होती. आमचा कागद तिने उलटासुलटा पाहिला आणि म्हणाली, "नकाशा कायले काढतं बापू? कोनाच्या जात्यानं कोन जागं होये, ते इचार ना." आणि तिने सांगायला सुरुवात केली. सखूबाईचे जाते सुरू झाले की हिला जाग येई. हिच्या चुलीतला विस्तव त्या घरी जाई. त्या घरचे भांडण तिसऱ्या घरात शब्दन्‌शब्द ऐकू येई, चौथ्यात नुसता आवाज. दोन दुपारींत तिने एकोणतीस घरे बसवून दिली.

आता कुलाब्याची नळी. प्रथिन म्हणजे अमिनो आम्लांची लांब माळ. माळेतला क्रम इतर पद्धतींनी कळतो. क्रमांक १ नंतर २, २ नंतर ३. पण ही माळ सरळ नसते. ती स्वतःभोवती गुंडाळून एक नेमका आकार घेते, आणि त्या गुंडाळीत क्रमांक ५ आणि क्रमांक ५८ अगदी खेटून येऊ शकतात. प्रथिनाचे सारे काम त्या आकारावर चालते. एनएमआरमध्ये एका हायड्रोजनला जागे केले की त्याची जाग शेजारच्या हायड्रोजनपर्यंत पोहोचते. ओव्हरहाउझर या शास्त्रज्ञाच्या नावाने हा परिणाम ओळखला जातो. ही जाग फार दूर जात नाही. पाच अँगस्ट्रॉमपर्यंत, आणि एक अँगस्ट्रॉम म्हणजे मिलिमीटरचा एक कोट्यंश. अंतर दुप्पट झाले की तिचा जोर चौसष्टाव्या हिश्शावर येतो. म्हणून जोरावरून अंतर कळते: खेटून, जवळ, जरा लांब. तिने संगणकावर एक चौकोनी चित्र उघडले. मध्ये तिरपी रेघ, आणि दोन्ही बाजूंना शेकडो ठिपके. "सर, यातला प्रत्येक ठिपका म्हणजे एक शेजार," ती म्हणाली. "हा इकडचा त्या तिकडच्याच्या जवळ आहे, एवढंच तो सांगतो."

आम्ही तिला म्हणालो, "ही तर चतुःसीमा झाली!" तिला हा शब्द ठाऊक नव्हता. समजावून सांगितल्यावर ती खूप हसली.

ठिपका कोणत्या दोघांचा हे ठरवणे हेच खरे कष्टाचे काम. प्रत्येक आवाज माळेतल्या नेमक्या कोणत्या मण्याचा, हे आधी जुळवावे लागते. त्यासाठी आता युक्त्या आहेत. जिवाणूंना नायट्रोजन १५ आणि कार्बन १३ या जड भावंडांचा आहार देऊन त्यांच्याकडून प्रथिन तयार करून घेतात, म्हणजे हायड्रोजनखेरीज आणखी दोन साक्षीदार बोलू लागतात. असे शेकडो, कधी हजारांवर शेजार गोळा झाले की संगणक माळ वाकवतो, वळवतो आणि सगळ्या चतुःसीमा एकाच वेळी जुळतील असा आकार शोधतो. आमचे कागदाचे चौकोन आणि हे, यांत वेगाचा फरक सोडला तर दुसरा कोणता आहे ते आम्हांला अजून कळलेले नाही.

व्युथरिक यांनी १९८४ मध्ये या रीतीने एका प्रथिनाची संपूर्ण रचना मांडली. वळूच्या वीर्यातले ते एक लहान प्रथिन. पण लोकांनी विश्वास ठेवला नाही. तोवर प्रथिनाची रचना कळण्याचा राजमार्ग एकच होता: त्याचा स्फटिक करा, त्यावर क्ष-किरण सोडा. पाण्यात लोळणाऱ्या रेणूची रचना शेजारावरून काढली म्हणे! तिच्यासारख्याच एका प्रथिनाची रचना स्फटिकावरून आधी माहीत होती. ती पाहून तुम्ही उत्तर बेतले असेल, असे आक्षेप आले. आम्हांला या प्रसंगातले सर्वांत मोठे माणूस वाटते ते म्युनिकजवळचे रॉबर्ट हुबर, स्फटिकवाल्यांच्या पक्षातले. त्यांनी वाद घातला नाही. ते म्हणाले, ज्याची रचना कोणालाच ठाऊक नाही असे एक प्रथिन घेऊ. तुम्ही तुमच्या रीतीने काढा, आम्ही आमच्या रीतीने, एकमेकांना न विचारता. ७४ अमिनो आम्लांचे टेंडामिस्टॅट नावाचे प्रथिन निवडले. १९८६ मध्ये दोन्ही उत्तरे आली आणि ती एकमेकांवर ठेवली तर जवळजवळ तंतोतंत बसली. दोन स्वतंत्र साधने, परस्परांचा संपर्क नाही, आणि साक्ष एक. इतिहासाच्या पद्धतिशास्त्रात आम्ही विद्यार्थ्यांना जे सांगून थकलो त्याचे याहून स्वच्छ उदाहरण आम्हांला आमच्या विषयात मिळालेले नाही. २००२ मध्ये व्युथरिक यांना नोबेल मिळाले.

आणखी एक गोष्ट आम्हांला फार आवडली. एनएमआरचे उत्तर एक आकृती म्हणून छापत नाहीत. सगळ्या चतुःसीमा जुळवणाऱ्या वीसेक आकृती एकावर एक ठेवून छापतात. जेथे शेजार भरपूर सापडले तेथे वीसही रेघा एकच होऊन जातात. जेथे पुरावा विरळ, किंवा जेथे प्रथिन खरोखरच स्थिर नाही, तेथे रेघा विसकटतात, सुतळीचे टोक उसवावे तशा. उसवलेले टोक कापून टाकायचे नसते. आमच्या लघुप्रबंधात आम्ही महारपुऱ्याच्या दक्षिण कडेची चार घरे ठाम रेघेने काढली होती. मोठ्या मायलाही त्यांची खात्री नव्हती. परीक्षकांनी कौतुक केले. ती रेघ आज आम्हांला टोचते.

त्या दिवशी चहा घेताना आम्ही तिला सहज विचारले, तू या वाटेला कशी लागलीस? ती म्हणाली, "सर, सातवीत आपल्या शाळेत रक्ततपासणीचं शिबिर झालं होतं. माझ्या कार्डावर 'वाहक' असं लिहून आलं. तेव्हा कोणालाच नीट सांगता येईना, की रक्तात नेमकं काय वाकडं आहे."

सिकलसेल. विदर्भातल्या आदिवासींमध्ये आणि आपल्या समाजात हा आजार किती घरांत आहे हे स्मरणिकेच्या वाचकांना आम्ही सांगावे असे नाही. आईवडील दोघे वाहक असतील तर प्रत्येक अपत्यामागे चारांत एक अशी शक्यता. त्याचे मूळ प्रथिनाच्या आकारात आहे, हे मात्र आम्हांला त्या दिवशी पहिल्यांदा नीट कळले. रक्तातले हिमोग्लोबिन हे चार माळांचे प्रथिन, एकूण ५७४ अमिनो आम्लांचे. त्यांतल्या दोन माळांत सहाव्या जागी ग्लुटामिक आम्लाऐवजी व्हॅलिन बसते, एवढाच बदल. केंब्रिजमध्ये व्हर्नन इंग्रॅम यांनी १९५६-५७ मध्ये तो शोधला. एकेकटा रेणू पाहिला तर त्याचा आकार निरोगी रेणूसारखाच. पण व्हॅलिनला पाणी नकोसे असते. प्राणवायू सोडून दिल्यावर त्या रेणूला शेजारच्या रेणूत एक खोबण सापडते, व्हॅलिन तेथे जाऊन बसते, त्याला तिसरा लागतो, चौथा लागतो, आणि लांब ताठ दोऱ्या तयार होऊन रक्तपेशी विळ्यासारखी वाकते. बारीक नसांत अशा पेशी अडकल्या की हाडांत, सांध्यांत वेदना उठतात. थंडी, अतिश्रम, अंगातले पाणी कमी होणे, ही त्याची नेहमीची निमित्ते.

हिमोग्लोबिनचा आकार मॅक्स पेरुट्झ यांनी स्फटिकावरून काढला. १९३७ मध्ये सुरू केलेले काम हाती लागायला वीस वर्षांहून अधिक गेली. पुढे वायू धरलेल्या हिमोग्लोबिनचे दोन वेगवेगळ्या परिस्थितींत केलेले स्फटिक दोन वेगळे आकार दाखवू लागले, आणि यांतला खरा कोणता असा वाद पडला. २००३ मध्ये पिट्सबर्गचे चिएन हो आणि बेथेस्डाचे अ‍ॅड बॅक्स यांच्या गटांनी एनएमआरच्याच एका वेगळ्या रीतीने, कार्बन मोनॉक्साइड धरलेल्या हिमोग्लोबिनला पाण्यात असताना विचारले. उत्तर आले ते दोहोंच्या मधले, आणि तेही हलते. "स्फटिकात रेणू कवायतीला उभा असतो, सर," ती सहज बोलून गेली. "शिस्तीत, रांगेत, हात खाली. पाण्यात तो मधल्या सुट्टीतला असतो. दोन्ही बघावं लागतं."

कवायत हा शब्द तिने आमच्यासाठी मुद्दाम वापरला नव्हता. ती या विद्यालयात येण्याआधीची ही गोष्ट आहे.

१९९४ च्या हिवाळ्यात आम्ही मुलांच्या वसतिगृहाचे गृहपाल होतो. नोकरी नवी होती आणि शिस्तीचा अभिमान जरा जास्तच होता. पहाटे साडेपाचला वंदना, त्यानंतर मैदानावर कवायत. आठवीतला एक मुलगा पाय दुखतात म्हणून बसून राही. आदल्या संध्याकाळी त्याला कबड्डी खेळताना आम्ही स्वतः पाहिलेले असे. रात्री धडधाकट, पहाटे लंगडा. आम्ही त्याचा एकच अर्थ लावला आणि तो सर्वांसमोर बोलून दाखवला. 'कामचुकार' हा शब्द आम्ही वापरला. मुलांनी तो उचलला, जसे ते उचलतात. डिसेंबरात तीनदा आम्ही त्याला रांगेत उभे केले. तिसऱ्यांदा तो उभ्याउभ्या रडला, आणि उन्हे आल्यावर त्याचे डोळे आम्हांला पिवळट दिसले. कावीळ असेल म्हणून त्याला वडिलांबरोबर घरी पाठवले. तो परत आला नाही. आईवडील वीटभट्टीवर जाणारे. जूनमध्ये पाठवलेले पत्र 'सदर इसम येथे राहत नाही' असा शेरा घेऊन परत आले.

काही वर्षांनी ते रक्ततपासणीचे शिबिर झाले. आलेल्या डॉक्टरबाईंनी शिक्षकांना लक्षणे समजावून सांगितली: मधूनमधून येणारी कळ, मधल्या दिवसांत मूल अगदी ठीक, थंडीत जास्त, डोळ्यांत पिवळेपणा. आम्ही मागच्या बाकावर बसलो होतो. त्या मुलाचे रक्त कोणी तपासले होते की नाही, हे आम्हांस ठाऊक नाही. कागद नाही. आहे ते सारे आजूबाजूचे, पण एकाही गोष्टीचा दुसरीशी विरोध येत नाही.

कुलाब्याहून परतताना आम्ही हे त्या विद्यार्थिनीला सांगितले. ती बसथांब्यापर्यंत आमच्याबरोबर चालत आली. "आता गोळ्या आहेत, सर," एवढेच म्हणाली. "हायड्रॉक्सीयुरियाने बऱ्याच जणांच्या कळा कमी होतात. सापडला तर त्याला सांगा." नंतर बस आली.

या स्मरणिकेत १९९४-९५ चे वसतिगृहाचे समूहछायाचित्र छापले जात आहे. ते २६ जानेवारीला काढलेले आहे. त्यात तो नाही. मागच्या रांगेत डावीकडून सहावा आणि सातवा यांच्यामध्ये जरा जास्त अंतर दिसते. रांग सरकवून घ्या असे छायाचित्रकाराने सांगितले होते, पण मुले सरकली नाहीत. त्याचे नाव येथे छापणे उचित नाही. त्या वर्षीच्या मुलांना ते विचारावे लागणार नाही. दालन क्रमांक दोनमध्ये त्याची वळकटी असे. पूर्वेस खिडकी, उत्तरेस पाण्याचा माठ. दक्षिणेस आणि पश्चिमेस कोण झोपत असे, ते आम्हांस आठवत नाही. ते दोघे हा अंक वाचत असतील तर त्यांनी विद्यालयाच्या पत्त्यावर आम्हांस कळवावे, आणि तो आता कोठे असतो हे ठाऊक असेल तर तेही.